केशनिर्मूलन

केशनिर्मूलन : चेहरा, काखा, हातपाय किंवा शरीराच्या इतर भागांवरचे नको असलेले केस काढण्याची क्रिया. अंगावर केस असणे हा रोग नव्हे. ते काढणे ही बहुधा आवडीची किंवा रूढीची बाब असते. पद्धती अनेक असल्या तरी त्यांतला खरा फरक केसापर्यंत किती खोल पोचले जाते याचा आहे. वस्तरा आणि केस काढायचे क्रीम त्वचेवर दिसणाऱ्या केसापुरते काम करतात. वॅक्स, दोरा आणि चिमटा केस मुळापासून उपटतात. विजेची सुई आणि लेसर यांचा रोख केस तयार करणाऱ्या पुटकावरच असतो. प्रत्येक केस वाढ, संक्रमण आणि विश्रांती अशा अवस्थांतून जातो आणि सगळे केस एकाच वेळी एकाच अवस्थेत नसतात. म्हणून वॅक्स केल्यानंतरही आठवड्या-दोन आठवड्यांत काही केस डोके वर काढतात.

दाढी केल्याने केस राठ व दाट येतात, हा समज घरोघरी पक्का आहे आणि तो चुकीचा आहे. मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकी शरीररचनाशास्त्रज्ञ स्त्रीने 1928 मध्येच दाढीचे केस मोजून-मापून तो खोडून काढला. केसाचे टोक नैसर्गिकरीत्या निमुळते असते. कापलेला केस बोथट टोकाने वर येतो, म्हणून खुंट हाताला टोचतात. पुटक त्वचेच्या आत असल्याने त्याला वस्तऱ्याची खबरही नसते. या एका गैरसमजापायी कित्येक मुली सर्वांत स्वस्त व बिनवेदनेचा उपाय टाळतात. सलूनमध्ये मात्र वस्तऱ्यात नवे ब्लेड आपल्यासमोर घातले जाते आहे, हे पाहून घ्यावे. रक्तातून पसरणारे आजार जुन्या पात्यावरून येऊ शकतात.

केस विरघळवण्याची कल्पना फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत व्रणाच्या उपचारांमध्ये लोमापहरणाचा समावेश असून शंखाचे चूर्ण दोन भाग आणि हरताळ एक भाग आंबवलेल्या द्रवात वाटून लावण्याचा योग दिला आहे. तुर्की हमामखान्यांतही हरताळ आणि चुना यांचाच लेप वापरत. हरताळात आर्सेनिक असते, त्यामुळे हे योग आज घरी करून पाहू नयेत. आजच्या क्रीममध्ये थायोग्लायकोलिक आम्लाचे क्षार असतात. ते तीव्र अल्कधर्मी माध्यमात केसातल्या केराटिन प्रथिनाचे गंधकबंध तोडतात; क्रीमचा तो ओळखीचा उग्र वास गंधकाचाच. त्वचेच्या वरच्या थरातही केराटिन असते, म्हणून डबीवर लिहिलेल्या मिनिटांपेक्षा जास्त वेळ क्रीम ठेवल्यास त्वचा भाजते.

भुवया कोरताना पार्लरमधली बाई दोऱ्याचे एक टोक दातांत धरते, उरलेल्या दोऱ्याला दोन्ही हातांनी पीळ देते आणि तो पीळ त्वचेवरून सरकवत ओळीने केस उपटते. पापणी आणि भुवई ताणून धरण्याचे काम गिऱ्हाईक स्वतःच्या बोटांनी करते. इतकी रेखीव कड दुसऱ्या कुठल्याच पद्धतीने येत नाही. स्वच्छतेसाठी हल्ली काही जणी दोरा दातांऐवजी गळ्याला बांधतात. हीच रीत चांगली. वॅक्स केसांच्या दिशेने पातळ पसरून, त्यावर पट्टी दाबून ती उलट दिशेने झटक्यात ओढतात. गुळगुळीतपणा काही आठवडे टिकतो, पण नवा केस त्वचेखालीच वळून केसतोड होण्याचा धोका असतो. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर वॅक्स मुळीच करू नये, त्वचा सोलून निघते. तान्ह्या बाळाची लव काढण्यासाठी कणकेचा गोळा फिरवण्याची आपल्याकडची रीतही सोडून देण्यासारखी आहे. ती लव आपोआप गळते. चोळण्याने नाजूक त्वचेला फक्त त्रास होतो.

विजेच्या सुईचा उपाय सेंट लुईसचे नेत्रवैद्य चार्ल्स मिशेल यांनी 1875 मध्ये डोळ्यात टोचणाऱ्या पापणीच्या केसांसाठी मांडला. एकेका पुटकात सुई घालावी लागते, त्यामुळे काम कंटाळवाणे. पण पांढऱ्या केसांवरही चालणारा आणि खरोखर कायमचा असा हाच उपाय आहे.

लेसरमागचे तत्त्व अँडरसन आणि पॅरिश यांनी 1983 मध्ये मांडले : केसातले मेलॅनिन प्रकाश शोषते, तापते आणि पुटक जळते. अडचण अशी की सावळ्या त्वचेतही मेलॅनिन भरपूर असते. गोऱ्या त्वचेसाठी बेतलेली यंत्रणा आपल्याकडे वापरल्यास भाजल्याचे काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. 1,064 नॅनोमीटर तरंगलांबीचा एनडी-याग लेसर त्वचेत खोल जातो आणि वरच्या मेलॅनिनला कमी तापवतो, म्हणून गडद वर्णाला तो जास्त सुरक्षित. काही आठवड्यांच्या अंतराने अनेक बैठका लागतात आणि फळ मिळते ते केस कायमचे कमी होण्याचे, नाहीसे होण्याचे नव्हे. पांढऱ्या केसांवर लेसरचा उपयोग होत नाही. क्वचित चेहऱ्यावर उलट जास्त केस येतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत केस घालवण्यासाठी स्त्रियांच्या चेहऱ्यावर क्ष-किरण सोडत. पुढे कित्येकींना व्रण आणि कर्करोग झाले. यंत्र कोणते आणि ते चालवणाऱ्याचे शिक्षण काय, हे विचारण्यात म्हणूनच कसलाही संकोच नको.

शस्त्रक्रियेपूर्वी सरसकट वस्तरा फिरवण्याची जुनी पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने 2016 च्या मार्गदर्शक सूचनांत नाकारली आहे. बारीक जखमांतून जंतुसंसर्ग होतो, म्हणून गरज असल्यासच क्लिपर वापरावा.

स्त्रीच्या हनुवटीवर किंवा छातीवर राठ केस वाढण्याचे कारण अनेकदा पीसीओएससारख्या संप्रेरकांच्या बिघाडात असते. असे केस अचानक वाढू लागले, पाळी अनियमित झाली किंवा आवाज घोगरा झाला, तर आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी आणि लेसरचे पैसे त्यानंतर भरावेत.