परसबागेचे शत्रु आणि मित्र



परसबाग करणाऱ्या गृहस्थाचा पहिला आनंद रोप वर आल्याचा, आणि पहिलें दुःख त्या रोपाचें पान कोणी खाल्ल्याचें. वालाच्या शेंड्यावर मावा बसला, किंवा भोपळ्याच्या कोवळ्या पानांची तांबड्या भुंगेऱ्यांनीं चाळण केली, कीं आपण बाजारांतून एखादी विषारी बाटली आणावयास निघतों. तसें निघण्यापूर्वीं आपल्या मुलुखांत घडलेल्या दोन गोष्टी ऐकाव्या, अशी माझी विनंती आहे.

पहिली गोष्ट १८२६ सालची. धारवाड, बेळगांव आणि पटवर्धनादि जहागीरदारांच्या प्रदेशास इंग्रज अधिकारी त्या काळीं दक्षिण मराठा मुलूख म्हणत. सांगली संस्थान त्यांतलेंच. या मुलुखांतील सस्तन प्राण्यांची यादी वॉल्टर एलियट या अधिकाऱ्यानें १८३९ सालीं मद्रासच्या एका नियतकालिकांत छापली. तींत शेतांतल्या एका लहान उंदराची हकीकत आहे. उन्हाळ्यांत काळ्या रानाला भेगा पडतात, त्यांत हा उंदीर राहतो. पाऊस लागला कीं भेगा बुजतात आणि पुष्कळ उंदीर त्यांतच गाडले जातात. १८२६ सालीं मात्र पाऊस अपुरा पडला. उंदीर वांचले आणि बेसुमार वाढले. पेरलेलें बीं त्यांनीं खाऊन टाकलें. पुढें ज्वारी पिकण्यास आली, तेव्हां ताटांवर चढून कणसें कुरतडलीं. अमुक डझन उंदरांस एक माप धान्य, अशा बोलीनें वडार लोकांस कामाला लावलें. उंदीर हजारोंनीं मारले गेले, परंतु संख्या घटल्याचें दिसेना.

या हकीकतीचें मर्म पाहावें. जें काम दरसाल पहिला पाऊस मुकाट्यानें करीत असे, तें एका वर्षीं त्यानें केलें नाहीं. आणि मग माणसांच्या इतक्या हातांनाहि तें उरकलें नाहीं.

दुसरी गोष्ट आपल्यापैकीं पुष्कळांनीं डोळ्यांनीं पाहिली आहे. २००२ सालीं सांगली जिल्ह्यांत उसावर लोकरी मावा आला. अंगावर पांढऱ्या लोकरीसारखें आच्छादन असलेली ही कीड पानाच्या खालच्या बाजूस बसून रस शोषी. तिचा चिकट स्राव खालच्या पानांवर पडे आणि त्यावर काळी बुरशी चढे. सांगलीहून ती सातारा व कोल्हापूर जिल्ह्यांत आणि कर्नाटकांत पसरली. पुरुषभर उंचीच्या दाट फडांत शिरून फवारणी करणें सोपें नव्हे. शिवाय विषाला शत्रु-मित्र असा भेद कळत नाहीं. अखेर उपयोगीं पडले ते किडेच. डिफा नांवाच्या पतंगाची अळी आणि मायक्रोमस नांवाचा कीटक हे या माव्यावर उपजीविका करतात. ज्या फडांत ते सांपडत, तेथील पानें कापून शेतकरी दुसऱ्या किडक्या फडांत नेऊन लावूं लागले. मित्रांची संख्या वाढली, तशी कीड आटोक्यांत आली.

आतां आपल्या अंगणांत येऊं. वालावर मावा दिसला, तर प्रथम त्याच्या शेजारीं कोण आहे तें पाहावें. तांबड्या पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा आपण ओळखतों. परंतु त्याची अळी काळपट, खरबरीत व लांबोडकी असते, आणि तिलाच कीड समजून घरोघरीं चिरडतात. मावा फस्त करण्यांत ती आपल्या आईबापांच्या मागें नाहीं. मुंग्या मात्र गोड स्रावाच्या लोभानें माव्याची राखण करतात. त्यांची रांग तोडावी. थोडा मावा असल्यास पाण्याच्या धारेनें धुऊन काढावा. तांबडे भुंगेरे सकाळच्या गारव्यांत सुस्त असतात, तेव्हां वेंचून साबणाच्या पाण्यांत टाकावे. पोखरलेलें वांगें झाडावर ठेवूं नये, अळीसह काढून नष्ट करावें. एवढ्यानें भागलें नाहीं, तर निंबोळीच्या मगजाची ५० ग्रॅम पूड एक लिटर पाण्यांत रात्रभर भिजवून, गाळून, किंचित् साबण मिसळून सायंकाळीं फवारावी. घुशी-उंदरांसाठीं मात्र विटांचे ढीग आणि उघडें खरकटें आधीं हलवावें. आसरा व अन्न दोन्हीं मिळत असतां केवळ सांपळा लावून कांहीं साधत नाहीं, हें १८२६ सालानें शिकविलें आहे.

परसांतली भाजी बाजाराच्या वाटेनें येत नाहीं. सकाळीं तोडलेली मेथी दुपारीं मुलांच्या ताटांत असते. तिच्यावर काय शिंपडलें, याचा जाब विचारावयास दुसरा कोणी नसतो. तो आपला आपणच द्यावयाचा असतो. म्हणून बाटली उघडण्यापूर्वीं पान उलटून पाहण्याची संवय लावून घ्यावी, इतकेंच सांगून मी आपली रजा घेतों.