बारा सिलिंडरांचे वचन, सहा सिलिंडरांची गाडी : जॅग्वार एक्सजे-२२० चा वाद

१/ ऑक्टोबर १९८८. इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या मोटार प्रदर्शनात जॅग्वार कंपनीच्या दालनात एक रुपेरी गाडी उभी होती. तिच्याभोवती इतकी गर्दी लोटली की शेजारच्या दालनांकडे कुणाचे लक्ष जाईना. काही धनिक रसिकांनी तर तिथल्या तिथे धनादेश पुढे केले. चार वर्षांनी ती गाडी खरोखर तयार झाली, तेव्हा मात्र मागणी नोंदवलेल्यांपैकी कित्येकांनी ती स्वीकारण्यास नकार दिला. कारण सांगितले गेले ते इंजिनाचे. हे कारण कितपत खरे होते, हा आजच्या धाग्याचा विषय.

२/ आधी पार्श्वभूमी पाहू. जॅग्वार आणि व्ही-१२ इंजिन हे समीकरण १९७१ पासूनचे. त्या वर्षी ई-टाइप या प्रसिद्ध गाडीत बारा सिलिंडरांचे इंजिन बसले आणि ते या कंपनीचे कुलचिन्ह ठरले. जून १९८८ मध्ये सात लिटरच्या व्ही-१२ इंजिनावर धावणाऱ्या जॅग्वारने ले मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली. १९५७ नंतरचा हा पहिलाच विजय. प्रदर्शनातली गाडी पुढे आली ती या विजयानंतर अवघ्या चार महिन्यांनी.

३/ या गाडीचा जन्म कंपनीच्या अधिकृत योजनेतून झालेला नाही. मुख्य अभियंते जिम रँडल यांनी १९८७ च्या नाताळच्या सुटीत घरी बसून पुठ्ठ्याचा एक छोटा नमुना केला. मग कंपनीतले काही हौशी सहकारी जमले. ते कामाचे तास संपल्यावर आणि शनिवारी, विनावेतन राबत. म्हणून त्या मंडळीचे नाव पडले ‘सॅटरडे क्लब’. गाडीचे देखणे रूप कीथ हेल्फेट यांनी रेखाटले.

४/ प्रदर्शनातल्या गाडीत काय होते? ६.२ लिटरचे व्ही-१२ इंजिन, चारही चाकांना शक्ती देणारी रचना आणि वरच्या दिशेने उघडणारी दारे. नावातला ‘२२०’ हा आकडा म्हणजे अपेक्षित कमाल वेग, ताशी २२० मैल, अर्थात सुमारे ३५४ किलोमीटर. १९४८ च्या एक्सके-१२० या जुन्या गाडीच्या नावामागेही हाच संकेत होता. एक गोष्ट मात्र विसरू नये : हा एक नमुना होता. तो विक्रीला काढायचे तोवर ठरलेले नव्हते.

५/ आता त्या काळचा बाजार. ऑगस्ट १९८८ मध्ये एन्झो फेरारी यांचे निधन झाले आणि त्यांच्या गाड्यांचे भाव गगनाला भिडले. फेरारी एफ-४० ही गाडी मूळ किमतीच्या कितीतरी पट भावाने हातोहात विकली जाऊ लागली. दुर्मीळ गाडी म्हणजे सोन्याहून चांगली गुंतवणूक, असा समज पसरला. गाडीचे वेड असलेला रसिक आणि गाडीत नफा पाहणारा सट्टेबाज आता एकाच रांगेत उभे राहिले. पुढचा सारा वाद समजण्यासाठी ही रांग ध्यानात ठेवा.

६/ १९८९ च्या अखेरीस अमेरिकेच्या फोर्ड कंपनीने जॅग्वार विकत घेतली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एक्सजे-२२० च्या उत्पादनाची घोषणा झाली. किंमत कर वगळून २,९०,००० पौंड, इसाराची रक्कम ५०,००० पौंड आणि गाड्या जास्तीत जास्त ३५०. किंमत महागाईच्या निर्देशांकाशी जोडलेली होती. निर्मितीची जबाबदारी टॉम वॉकिन्शॉ यांच्या संस्थेबरोबरच्या भागीदारीतील ‘जॅग्वारस्पोर्ट’कडे आली. आणि याच घोषणेत एक वाक्य होते : गाडीत दोन टर्बोचार्जर असलेले व्ही-६ इंजिन असेल आणि शक्ती फक्त मागच्या चाकांना मिळेल.

७/ व्ही-१२ का वगळले? कारणे रुक्ष होती, पण पक्की होती. बारा सिलिंडरांचे इंजिन लांब आणि जड. त्यामुळे गाडीही लांब आणि जड होत होती. शिवाय धुराविषयीचे नियम कडक होत चालले होते आणि त्या जुन्या धाटणीच्या इंजिनाला त्यांत बसवणे कठीण होते. लहान इंजिन स्वीकारल्यामुळे गाडीची लांबी सुमारे वीस सेंटीमीटरने घटली आणि वजनही उतरले.

८/ या व्ही-६ इंजिनाची वंशावळ मोठी रंजक आहे. त्याचे मूळ एमजी मेट्रो ६आर४ या रॅलीच्या गाडीत. ती गाडी ‘ग्रुप बी’ या गटात धावे. १९८६ मध्ये या गटात जीवघेणे अपघात झाले आणि वर्षअखेरीस तो गटच बंद करण्यात आला. एक उत्तम इंजिन अनाथ झाले. वॉकिन्शॉ यांनी त्याचे हक्क घेतले, त्याला टर्बोची जोड दिली आणि जॅग्वारच्या एक्सजेआर-१० व एक्सजेआर-११ या शर्यतीच्या गाड्यांत ते बसवले. तेच पुढे एक्सजे-२२० मध्ये आले. रस्त्यावरच्या जॅग्वारमध्ये व्ही-६ आणि टर्बो या दोन्ही गोष्टी प्रथमच येत होत्या.

९/ टर्बो म्हणजे काय, हे थोडक्यात. इंजिनातून बाहेर पडणारा तप्त धूर एरवी वाया जातो. टर्बोचार्जरमध्ये तोच धूर एक पाते फिरवतो आणि ते पाते दुसऱ्या पात्याकरवी इंजिनात जादा हवा दाबून भरते. हवा जास्त, म्हणून इंधनही जास्त जाळता येते आणि लहान इंजिन मोठ्याचे काम करते. उणीव एकच : पाय दाबल्यापासून पाते पुरेसे वेगात येईपर्यंत क्षणभर काहीच घडत नाही, आणि मग सारी शक्ती एकदम अंगावर येते. याला ‘टर्बो लॅग’ म्हणतात. त्या काळच्या मोठ्या टर्बोंमध्ये हा विलंब चांगलाच जाणवत असे.

१०/ कागदावरचे आकडे पाहिले तर तक्रारीला जागा नव्हती. ३.५ लिटरचे हे इंजिन ५४२ अश्वशक्ती देत होते. जवळजवळ दुप्पट आकाराच्या व्ही-१२ कडून अपेक्षा होती ती पाचशेच्या आसपासची. गाडी अधिक हलकी, अधिक आटोपशीर आणि अधिक बलवान झाली होती.

११/ तरीही रसिक हिरमुसले, आणि त्यांचे दुःख निव्वळ हट्टाचे म्हणता येत नाही. बारा सिलिंडरांचे इंजिन स्वभावतःच संतुलित असते. त्याची लय मखमली आणि आवाज भरदार. याउलट नव्वद अंशांच्या कोनातले हे व्ही-६ खडबडीत होते आणि मंद वेगात खडखडत असे. त्यात ‘मेट्रो’ हे नाव आडवे आले. मेट्रो म्हणजे बाजारहाटाला नेण्याची साधी छोटी गाडी. रॅलीच्या गाडीचा तिच्याशी संबंध जेमतेम नावापुरता होता. पण लाखो पौंड मोजून मेट्रोचे इंजिन घ्यायचे काय, हा टोमणा चिकटला तो चिकटलाच.

१२/ जखमेवर मीठही चोळले गेले. १९९० मध्ये त्याच जॅग्वारस्पोर्टने एक्सजेआर-१५ ही दुसरी महागडी गाडी जाहीर केली आणि तिच्यात चक्क व्ही-१२ इंजिन होते. मे १९९२ मध्ये मोनॅको येथे मॅक्लारेन एफ-१ चे अनावरण झाले. तिच्यातही बीएमडब्ल्यूने घडवलेले बारा सिलिंडरांचे इंजिन, तेही टर्बोविना. ज्यांची गाडी अजून हातात पडायची होती, त्या ग्राहकांची मनःस्थिती काय झाली असेल, याची कल्पना करा.

१३/ दरम्यान ब्रिटनची अर्थव्यवस्था फिरली. १९८९ च्या ऑक्टोबरपासून जवळपास वर्षभर व्याजदर १५ टक्क्यांच्या आसपास होता. मग मंदी आली. दुर्मीळ गाड्यांचा फुगा फुटला आणि फेरारींचे भाव कोसळले. इकडे कर आणि महागाईची वाढ धरून एक्सजे-२२० ची किंमत चार लाख पौंडांच्या पलीकडे पोहोचली होती. विकत घ्यावी त्याच दिवशी विकायची म्हटले तर मोठा तोटा, अशी अवस्था झाली.

१४/ १९९२ च्या मध्यावर गाड्या ग्राहकांच्या हाती येऊ लागल्या आणि नकारही येऊ लागले. आम्हांला व्ही-१२ दाखवले आणि व्ही-६ दिले, असे अनेकांचे म्हणणे. करारात व्ही-६ च लिहिले होते, असे कंपनीचे उत्तर. प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. बऱ्याच जणांनी पैसे भरून करारातून सुटका करून घेतली. १९९४ मध्ये उत्पादन थांबले, तेव्हा तीनशे गाड्याही पूर्ण झालेल्या नव्हत्या.

१५/ वेगाचे काय झाले? १९९२ मध्ये इटलीतील नार्दोच्या वर्तुळाकार मार्गावर मार्टिन ब्रंडल यांनी ही गाडी ताशी २१७.१ मैल, म्हणजे सुमारे ३४९ किलोमीटर वेगाने पळवली. तीही धूर शुद्ध करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून. उत्पादनातल्या गाडीसाठी तो त्या काळातला उच्चांक होता. पण नावातला २२० चा आकडा तीन मैलांनी हुकला. पुढे १९९३ मध्ये मॅक्लारेनने हा मानही हिरावून घेतला आणि १९९८ मध्ये २४० मैलांची मजल गाठली.

१६/ आता मूळ प्रश्नाकडे येऊ. इतिहासात एखाद्याचे सांगितलेले कारण खरे मानण्याआधी तारखा जुळवून पाहाव्यात. व्ही-६ ची घोषणा झाली डिसेंबर १९८९ मध्ये. राग इंजिनाचाच असता, तर लोक तेव्हाच पाठ फिरवते. तसे झाले नाही. उलट ३५० गाड्यांसाठी त्याहून कितीतरी अधिक अर्ज आले. पाठ फिरली ती भाव कोसळल्यावर. म्हणजे सट्टेबाजांच्या बाबतीत इंजिन हे निमित्त होते आणि खरे कारण खिशात होते.

१७/ पण म्हणून कंपनी निर्दोष ठरत नाही. लोकांच्या मनात घर केले ते करारातल्या ओळीने नव्हे, तर बर्मिंगहॅमच्या दालनातल्या त्या रुपेरी गाडीने. जे अजून घडवता येते की नाही ठाऊक नव्हते, ते जणू तयार आहे असे दाखवले गेले. कायद्याच्या दृष्टीने कराराचा कागद श्रेष्ठ. पण जो रसिक नफ्यासाठी नव्हे, तर त्या आवाजासाठी रांगेत उभा होता, त्याच्या निराशेला कोणत्याच करारात कलम नव्हते. सट्टेबाजांच्या गलक्यात त्याचा खरा सूर हरवला आणि दोघेही एकाच मापाने मोजले गेले. मला या प्रकरणातला सर्वांत मोठा अन्याय हाच वाटतो.

१८/ काळाने मात्र इंजिनाला न्याय दिला. २०१४ पासून फॉर्म्युला वनच्या गाड्या टर्बो व्ही-६ वर धावू लागल्या. २०१५ मध्ये फोर्डने नवी जीटी दाखवली, तीही दोन टर्बोंच्या ३.५ लिटर व्ही-६ सह. पुढे फेरारीनेही २९६ जीटीबी मध्ये टर्बो व्ही-६ चा मार्ग धरला. एके काळी कमअस्सल ठरवलेली रचना पुढच्या पिढीची रीत झाली.

१९/ आणि एक धागा आपल्या अंगणापर्यंत येतो. २००८ मध्ये मुंबईत मुख्यालय असलेल्या टाटा मोटर्सने फोर्डकडून जॅग्वार आणि लँड रोव्हर विकत घेतल्या. ज्या नावाच्या गाडीसाठी १९८८ मध्ये इंग्लंडमधले धनिक धनादेश घेऊन धावले, त्या नावाची मालकी आज मुंबईतल्या कंपनीकडे आहे.

२०/ पुढच्या वेळी एखाद्या नव्या गाडीचे इंजिन बदलले म्हणून गदारोळ उठलेला दिसला, तर दोन प्रश्न अवश्य विचारा. बदल जाहीर केव्हा झाला? आणि ओरड केव्हा सुरू झाली? या दोन तारखांमधल्या काळात बाजारात काय घडले ते शोधा. बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडते. धागा येथे संपला. तुमच्या मते दोष कुणाचा, ते खाली जरूर लिहा.