लाखोळीपासून श्रीनिवासपूरपर्यंत



स्मरणिकेसाठी शाळेच्या आठवणी लिही, असा निरोप होता. मी मात्र आठवणींचा आजार शोधणाऱ्या एका शास्त्रज्ञ बाईंबद्दल लिहिते आहे. कारण घरचंच आहे. गेल्या वर्षी माझे बाबा बेसा चौकात भाजी आणायला गेले आणि परतीचा रस्ता विसरले. याच बाबांच्या स्कूटरवर मागे बसून मी शाळेत यायचे. डॉक्टरांनी अल्झायमर सांगितला. प्रोग्रॅममध्ये बिघाड दिसला की तो नेमका कधी सुरू झाला हे शोधायची मला सवय. तसं वाचत गेले आणि डॉ. विजयालक्ष्मी रवींद्रनाथ हे नाव सापडलं.

1906 साली जर्मनीत आलोइस अल्झायमर यांनी हा आजार प्रथम मांडला. त्यांची रुग्ण ऑगस्टे डेटर दवाखान्यात आली तेव्हा 51 वर्षांची होती. तिच्या मेंदूतले प्रथिनांचे साठे आणि पेशींतले गुंतलेले धागे त्यांना दिसले, पण ती गेल्यानंतर.

रवींद्रनाथ बाईंची सुरुवातही मृत्यूनंतर मिळालेल्या मेंदूंपासूनच झाली. त्यांचा जन्म चेन्नईचा, पीएच.डी. म्हैसूर विद्यापीठाची. अमेरिकेत संशोधन करून 1986 साली त्या बंगळूरच्या निम्हान्समध्ये आल्या. औषधांचं विघटन करणं हे यकृताचं काम, असं मानलं जाई. माणसाचा मेंदूही ते काम स्वतः करतो, हे त्यांनी दाखवलं.

पुढचं वाचताना मी खुर्चीतून उठलेच. त्यांनी लाखोळीवर काम केलं होतं! भंडारा, गोंदिया, चंद्रपूरकडच्या धानाच्या बांध्यांत होणारी आपली लाखोळी. ज्यांच्या आजीच्या हातचे लाखोळीच्या डाळीचे वडे खाल्लेत, त्यांना सांगायला नको. ही डाळ महिनोन्‌महिने मुख्य अन्न म्हणून खाल्ली तर पाय लुळे पडू शकतात, म्हणून महाराष्ट्रात 1961 पासून तिच्या विक्रीवर बंदी होती. नागपूरच्या डॉ. शांतीलाल कोठारींनी ती उठवण्यासाठी वर्षानुवर्षे लढा दिला आणि 2008 मध्ये राज्यानं बंदी उठवली. डाळीतलं विष नेमकं काय करतं, हे रवींद्रनाथ यांच्या प्रयोगशाळेनं उंदरांत पाहिलं. पेशीत ऊर्जा तयार करणारी यंत्रणा ते बंद पाडतं. ग्लुटारेडॉक्सिन नावाचं एक प्रथिन ही यंत्रणा दुरुस्त करतं. माद्यांमध्ये इस्ट्रोजेनमुळे ते जास्त असतं, म्हणून त्या बऱ्याच वाचतात. (मैत्रिणींनो, लगेच खूश होऊ नका, अल्झायमर बायकांनाच जास्त होतो.)

2000 साली त्या मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राच्या संस्थापक संचालक झाल्या आणि 2009 मध्ये बंगळूरच्या आयआयएससीत गेल्या. 2012 चा त्यांचा अश्वगंधेवरचा शोधनिबंध बराच गाजला. अल्झायमरसारखा आजार असलेल्या उंदरांना महिनाभर मुळाचा अर्क दिल्यावर मेंदूतले साठे कमी झाले, आणि गंमत म्हणजे अर्काचा परिणाम झाला होता यकृतावर. यकृतानं रक्तातून ते प्रथिन ओढून घेतलं. आमच्याकडे हे वाचून एका काकांनी लगेच आस्कंदाचा डबा आणला. मी तो कपाटात ठेवून दिला. उंदीर आणि बाबा यांत फरक आहे.

पुढे त्यांच्या गटाला आणखी एक गोष्ट दिसली. उंदरांत विसराळूपणा दिसण्याआधीच पेशींच्या जोडण्यांमधला आधार ढासळू लागलेला असतो. लक्षणं दिसेपर्यंत थांबलं तर उशीर झालेला असतो. म्हणूनच असेल, बाई प्रयोगशाळेतून थेट खेड्यात गेल्या. इन्फोसिसचे सहसंस्थापक क्रिस गोपालकृष्णन यांच्या ट्रस्टच्या 225 कोटींच्या देणगीतून आयआयएससीत मेंदू संशोधन केंद्र उभं राहिलं. कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपूर परिसरातल्या 10,000 निरोगी गावकऱ्यांची स्मरणशक्ती, रक्त आणि मेंदू वर्षानुवर्षे तपासत राहायचं, हे त्या केंद्राचं काम. मी कितीतरी सिस्टिम्सचे लॉग वाचलेत, पण माणसं धडधाकट असतानाच सुरू केलेली इतकी चिवट नोंद मला माहीत नव्हती.

या अभ्यासात प्रवेशाचं वय आहे 45. म्हणजे आपली बॅच. बाबांच्या मेंदूतला बिघाड कदाचित मी इंजिनिअरिंगला होते तेव्हाच सुरू झाला असेल. आम्ही कोणी तेव्हा त्यांची शुगर किंवा बीपीसुद्धा तपासली नव्हती. मी गेल्या महिन्यात दोन्ही तपासून घेतलं. ज्यांच्या घरी असं कोणी आहे, त्यांनी संमेलनात जेवणाच्या वेळी मला शोधा. डॉक्टरांना काय काय विचारायचं, याची माझी यादी आता बरीच मोठी झाली आहे.