नदीने नेलेले गाव आणि राहिलेला धर्मग्राम

प्रत्येक जुन्या धर्मग्रामाच्या कपाटात काही वह्या जपून ठेवलेल्या असतात. त्यांची पाने पिवळी पडलेली असतात, शाई फिकट झालेली असते. पण बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदी पिढ्यान्‌पिढ्या त्यांत सापडतात. शासनाची जनगणना ठरावीक वर्षांनी माणसे मोजते. या वह्या माणसांची नावे लिहून ठेवतात. मोजणे आणि नावाने ओळखणे यांत अंतर किती, हे अमेरिकेतील एका नदीकाठच्या ग्रामीण काउंटीच्या इतिहासात फार स्पष्ट दिसते. इलिनॉय राज्यातील रँडॉल्फ ही ती काउंटी.

काउंटी म्हणजे राज्याच्या कारभाराचा एक विभाग. आपल्याकडच्या मोठ्या तालुक्यासारखा. रँडॉल्फ काउंटीची स्थापना १७९५ साली झाली. सेंट लुइस शहराच्या दक्षिणेस पसरलेल्या या काउंटीचे क्षेत्रफळ सुमारे १,५५० चौरस किलोमीटर आहे. तिच्या पश्चिमेच्या अंगाने मिसिसिपी ही महानदी वाहते आणि इलिनॉयच्या अंतर्भागातून येणारी कस्कॅस्किया नदी याच काउंटीत तिला मिळते. नदीकाठी गाळाने भरलेला सपाट, सुपीक पट्टा आहे. त्याच्या पाठीशी चुनखडीचे उंच कडे उभे आहेत आणि कड्यांच्या माथ्यावर ऊंचसखल शेतजमीन, कुरणे व दगडी कोळशाच्या खाणींचा प्रदेश आहे. खालची जमीन अधिक पिकते, पण ती नदीच्या मर्जीवर असते; वरची जमीन सुरक्षित, पण कष्टाची. या काउंटीत माणसे कोठे राहिली, कोठून उठली आणि कोठे गेली, त्याची बरीचशी कथा या दोन पातळ्यांच्या भूगोलात सामावलेली आहे.

कस्कॅस्किया हे मूळचे एका आदिवासी जमातीचे नाव. १६७५ च्या ईस्टरच्या सुमारास येशूसंघीय धर्मगुरू फादर झाक मार्केत यांनी उत्तरेकडे इलिनॉय नदीच्या काठी या जमातीच्या मोठ्या गावात मिस्सा अर्पण केली आणि निष्कलंक मातेच्या नावाने मिशनकेंद्र स्थापिले. आजारी मार्केत परतीच्या वाटेवर त्याच वर्षी मे महिन्यात निवर्तले. मिशन मात्र टिकले. जमात दक्षिणेकडे सरकू लागली, तेव्हा धर्मगुरूही तिच्याबरोबर निघाले. १७०० साली त्यांनी आजच्या सेंट लुइसजवळ मुक्काम केला आणि १७०३ साली फादर गाब्रिएल मारे यांच्यासह ही मंडळी कस्कॅस्किया नदीच्या काठी येऊन वसली. फ्रेंच व्यापारी आणि शेतकरीही तेथे स्थिरावले. वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे, की हा धर्मग्राम आरंभापासूनच जमिनीला बांधलेला नव्हता. तो आपल्या माणसांच्या पाठोपाठ चालत आला होता.

या धर्मग्रामाच्या नोंदी १६९५ पासूनच्या आहेत. त्यांतील पहिल्या बालकाची आई मारी रुआंसा ही कस्कॅस्किया जमातप्रमुखाची कन्या. ती सतरा वर्षांची असताना वडिलांनी मिशेल आको या फ्रेंच व्यापाऱ्याशी तिचा विवाह ठरविला. आपले आयुष्य परमेश्वराला वाहण्याची मारीची इच्छा होती. तिने नकार दिला आणि आईवडिलांचा रोष पत्करला. फादर झाक ग्राव्हिए यांनी तिच्यावर सक्ती होऊ दिली नाही. पुढे आपल्या आईवडिलांनी श्रद्धेकडे वळावे या आशेने तिने स्वतःहून संमती दिली आणि तसेच घडले. पतीच्या निधनानंतर तिने दुसरा विवाह केला, मोठा संसार उभा केला आणि १७२५ साली ती कस्कॅस्कियात वारली. तिला ख्रिस्तमंदिरातच मूठमाती देण्यात आली. ज्या गावाला पुढे सर्वांनी फ्रेंच गाव म्हटले, त्याच्या पायाशी एका आदिवासी स्त्रीची श्रद्धा होती, हे या वह्यांमुळेच आपल्याला कळते.

याच कागदांत एक कटू सत्यही आहे. मारीच्या मालमत्तेच्या यादीत गुलाम माणसांचा समावेश होता. नदीकाठचा गहू पिकविण्यासाठी आणि खाणीत राबण्यासाठी आफ्रिकन वंशाच्या गुलामांना या प्रदेशात आणले गेले; आदिवासी गुलामही होते. इतकेच काय, येशूसंघीयांच्या मळ्यावरही गुलाम राबत. फ्रेंच अधिकाऱ्यांनी १७६३ साली संघाची मालमत्ता जप्त केली, तेव्हा तीत या माणसांचीही गणना झाली. ज्यांना बाप्तिस्म्याने देवाची लेकरे म्हटले, त्यांनाच बाजारात मालमत्ता मानले गेले. आपल्या पूर्वसूरींच्या त्यागाचा अभिमान बाळगताना ही नोंद झाकून चालणार नाही. तरीही शेत आणि गुरे यांच्याबरोबर मोजल्या गेलेल्या त्या माणसांची नावे, निदान बाप्तिस्म्याची नावे, आज मिळतात ती अशा वह्यांतूनच.

१७४१ साली फ्रान्सचा राजा पंधरावा लुई याच्या नावाने एक घंटा ला रोशेल येथे ओतविली गेली आणि समुद्र व नदी ओलांडून कस्कॅस्कियाला आली. १७६३ च्या तहाने हा प्रदेश इंग्रजांकडे गेला. ४ जुलै १७७८ च्या रात्री जॉर्ज रॉजर्स क्लार्क याच्या अमेरिकन तुकडीने गाव घेतले. धर्मगुरू फादर पिएर झिबो यांनी नव्या सत्तेला साथ दिली आणि त्या वेळी हीच घंटा वाजविली गेली, अशी परंपरा आहे. म्हणूनच तिला पश्चिमेची स्वातंत्र्यघंटा म्हणतात. १८१८ साली इलिनॉय राज्य झाले आणि कस्कॅस्किया त्याची पहिली राजधानी ठरली. मात्र १८२० साली राजधानी वँडेलिया येथे हलली.

ज्यांच्या नावाने गाव ओळखले गेले, ते लोक तोवर मूठभर उरले होते. रोगराई आणि युद्धे यांनी जमात खंगली. १८०३ च्या तहाने तिने आपली विस्तीर्ण भूमी अमेरिकेला दिली. त्या तहात एक वेगळे कलम आहे: जमातीतील बहुतेकांचा बाप्तिस्मा झालेला असल्यामुळे, त्यांच्या कॅथलिक धर्मगुरूच्या निर्वाहासाठी शासनाने सात वर्षे दरसाल शंभर डॉलर द्यावेत आणि मंदिर बांधण्यास तीनशे डॉलरचे साहाय्य करावे. भूमी गेली तरी धर्मगुरू असावा, ही त्या लोकांची मागणी होती. १८३२ च्या तहानंतर तेही पश्चिमेकडे गेले. त्यांचे वंशज आज ओक्लाहोमा राज्यात पिओरिया जमातीत सामावलेले आहेत.

मग नदीची पाळी आली. गावाच्या उत्तरेस काही अंतरावर असलेल्या फोर्ट द शार्त्र या दगडी किल्ल्याच्या भिंती मिसिसिपीने पोखरल्या होत्या आणि १७७२ साली इंग्रजांना तो सोडावा लागला होता. तो इशाराच होता. एकोणिसाव्या शतकात आगबोटींच्या जळणासाठी काठावरची झाडे तोडली गेली. मुळांनी धरून ठेवलेली माती सुटली आणि पात्र रुंदावत गेले, असे अभ्यासक सांगतात. १८४४ च्या महापुराने गाव खिळखिळे केले. तोवर मिसिसिपी गावाच्या पश्चिमेने वाहत होती आणि पूर्वेला कस्कॅस्किया नदी होती. एप्रिल १८८१ मध्ये महानदीने मधली चिंचोळी भूमी फोडली, कस्कॅस्कियाचे पात्र बळकावले आणि ती गावाच्या पूर्वेने वाहू लागली. पुढील वर्षांत जुने गाव तुकड्यातुकड्याने पाण्यात गेले.

राज्याची सीमा मात्र जुन्याच पात्रात राहिली. त्यामुळे कस्कॅस्किया हा इलिनॉयचा तुकडा आज मिसिसिपीच्या पश्चिमेस आहे आणि तेथे जाण्यासाठी शेजारच्या मिझुरी राज्यातून, सेंट मेरी गावाजवळचा पूल ओलांडून जावे लागते. १८९० च्या दशकात ग्रामस्थांनी दोन कामे केली. जुन्या दफनभूमीतील अस्थी उकरून नदीपलीकडच्या टेकडीवर नव्याने पुरल्या आणि ख्रिस्तमंदिर सुरक्षित जागी पुन्हा उभारले. ज्यांना हलता येत नव्हते त्यांना हलविले. जे हलू शकत होते त्यांतील काहींनी मात्र बेटावरच राहणे पत्करले.

जुलै १९९३ मध्ये बांध फुटला आणि सारे बेट पाण्याखाली गेले: शेते, घरे, मंदिरही. पाणी ओसरल्यावर मंदिर पुन्हा स्वच्छ करून उघडले गेले. पण माणसे परतली नाहीत. १९९० च्या जनगणनेत गावात ३२ माणसे होती. २००० साली नऊ उरली. २०१० साली १४ आणि २०२० साली २१. एकेकाळच्या राजधानीची ही लोकसंख्या.

संपूर्ण काउंटीचे आकडेही उतरते आहेत. २००० साली ३३,८९३, २०१० साली ३३,४७६ आणि २०२० साली ३०,१६३. तरुण शिक्षणासाठी व नोकरीसाठी शहराकडे जातात. यांत्रिक शेतीला माणसे कमी लागतात. शिवाय या आकड्यांत एक वेगळा गट दडलेला आहे. काउंटीचे मुख्य ठिकाण चेस्टर येथे १८७८ पासून मोठा तुरुंग आहे आणि जनगणनेत कैद्यांची मोजणी तुरुंगातच होते. काउंटीच्या लोकसंख्येत गणली गेलेली ही माणसे ना तेथे शेत कसतात, ना तेथील गावकीत बसतात. आकडा खरा असतो, पण तो सारे सांगत नाही.

जनगणनेच्या आकड्यात न मावणारी आणखी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. याच काउंटीतील रूमा या लहानशा गावात ख्रिस्तरक्ताच्या आराधक भगिनींचा मठ होता. तेथून लायबेरियात सेवेसाठी गेलेल्या पाच धर्मभगिनींची ऑक्टोबर १९९२ मध्ये तेथील यादवी युद्धात हत्या झाली. त्यांचे देह पुढे रूमाला आणून पुरण्यात आले. एके काळी दूर देशाहून धर्मगुरू या नदीकाठी आले होते. तीन शतकांनंतर याच नदीकाठाने आपल्या लेकी आफ्रिकेला दिल्या. ज्या खंडातून साखळदंडांत बांधलेली माणसे येथे आणली गेली होती, त्याच खंडातील माणसांसाठी या पाच जणींनी प्राण वेचले. त्याने जुने ऋण फिटले, असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. पण ती नोंदही त्याच वहीतली आहे.

आपलीही गावे बदलत आहेत. कोठे शेते विकली जातात, कोठे मुले परदेशी स्थायिक होतात, कोठे घरात केवळ वृद्ध उरतात. अशा वेळी आपण संख्येची चिंता करतो आणि ती अस्थानी नाही. पण कस्कॅस्कियाची कथा वाचताना वाटते, की धर्मग्राम टिकतो तो संख्येने अथवा जमिनीने नव्हे. कोणीतरी अस्थी उचलून टेकडीवर नेतो, कोणीतरी चिखल उपसून वेदी पुन्हा मांडतो, कोणीतरी वहीत पुढचे नाव लिहितो, म्हणून तो टिकतो. त्या वहीत कोणाचे नाव लिहायचे राहून गेले आहे, हे प्रत्येक पिढीने स्वतःला विचारले पाहिजे.