तपासून घ्यायला हरकत आहे

‘एकदा सगळं तपासून घेऊ, त्यात वाईट काय?’ मध्यमवर्गीय मराठी घरात आज हे वाक्य वडीलधाऱ्यांच्या काळजीची खूण मानलं जातं. मुलगा पुण्यात असो की न्यू जर्सीत, आईच्या पंचाहत्तरीला तो ‘फुल बॉडी चेकअप’चं पॅकेज बुक करतो. सकाळी लॅबचा माणूस घरी येऊन रक्त घेऊन जातो आणि संध्याकाळी साठ-सत्तर आकडे मोबाइलवर हजर होतात. यामागचा युक्तिवाद प्रेमातून आलेला आहे, म्हणून तो आधी पुरता मांडायला हवा. तपासणीने इजा होत नाही. रोग लवकर सापडला तर बरा होतो. काही निघालं नाही तर जिवाला घोर उरत नाही. आणि वय झालं म्हणून तपासायचंच नाही, हा म्हाताऱ्या माणसावर अन्याय आहे. यातला शेवटचा मुद्दा सर्वांत वजनदार आहे; त्याकडे मागाहून येऊ.

‘इजा होत नाही’ हे विधान सुईपुरतं खरं आहे. रिपोर्टवरची ‘नॉर्मल’ मर्यादा बहुधा अशी आखलेली असते की निरोगी माणसांपैकी ९५ टक्के तिच्या आत बसावेत. उरलेले पाच टक्केही निरोगीच असतात. तपासण्या एकमेकींपासून स्वतंत्र आहेत असं धरलं, तर वीस तपासण्यांत एक तरी आकडा ठळक अक्षरांत छापून येण्याची शक्यता ६४ टक्के होते आणि साठ तपासण्यांत ९५ टक्के. म्हणजे धडधाकट आजीचा रिपोर्टही ‘स्वच्छ’ येणं जवळपास अशक्य. त्यात टीएसएच हा थायरॉइडच्या तपासणीतला आकडा वयाबरोबर थोडा वाढतोच. पासष्टीपुढच्या ७३७ लोकांवरचा युरोपातला ‘ट्रस्ट’ अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. टीएसएच किंचित वाढलेल्या या लोकांना थायरॉइडची गोळी देऊन ना थकवा कमी झाला, ना इतर लक्षणं. तरी अशी गोळी एकदा सुरू झाली की बहुतेक घरांत ती जन्माची होते.

याहून गंभीर गोष्ट कर्करोगाच्या ‘मार्कर’ची. ज्येष्ठ स्त्रियांच्या अनेक पॅकेजांत सीए-१२५ असतं. त्याचा खरा उपयोग अंडाशयाच्या कर्करोगाचं निदान झालेल्या रुग्णावर लक्ष ठेवायला होतो. लक्षण नसलेल्या स्त्रीला त्याचा फायदा होतो का, हे अमेरिकेत ५५ ते ७४ वयाच्या ७८,२१६ स्त्रियांवर तपासलं गेलं. निम्म्या स्त्रियांची सीए-१२५ आणि सोनोग्राफी वर्षानुवर्षं होत राहिली. २०११ मध्ये निष्कर्ष आला: तपासणी झालेल्या गटात अंडाशयाच्या कर्करोगाने ११८ मृत्यू, दुसऱ्या गटात १००. जीव वाचल्याचा पुरावा नाही. मात्र ३,२८५ स्त्रियांना कर्करोग नसताना रिपोर्ट संशयास्पद आला. त्यांतल्या १,०८० जणींच्या पोटावर शस्त्रक्रिया झाली आणि १६३ जणींना त्यातून गंभीर गुंतागुंत झाली. या बायका घरून निघाल्या तेव्हा ठणठणीत होत्या. ‘काय हरकत आहे?’ या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या देहावर लिहिलं गेलं आहे.

‘लवकर सापडलं तर बरं’ या म्हणण्यात दोन गृहीतकं दडलेली आहेत. सापडलेला रोग त्रास देणारच, हे पहिलं. दक्षिण कोरियात सरसकट सोनोग्राफी सुरू झाल्यावर १९९३ ते २०११ या काळात थायरॉइडच्या कर्करोगाची निदानं पंधरापट झाली; त्या रोगाने होणारे मृत्यू होते तेवढेच राहिले. जे सापडलं, त्यातलं बरंचसं कधीच उपद्रव देणार नव्हतं. माणसाकडे वेळ आहे, हे दुसरं. स्तनाच्या आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या चाचण्यांत, हजार लोकांमागे एक मृत्यू टाळायला साधारण दहा वर्षं लागतात. चाचणीचा त्रास मात्र त्याच आठवड्यात सुरू होतो. सत्तरीनंतर पुरुषांच्या प्रोस्टेट कर्करोगासाठीची पीएसए ही रक्तचाचणी करू नये, असं अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने २०१८ मध्ये सांगितलं, त्यामागेही हाच हिशेब आहे.

निश्चिंतीचं म्हणाल, तर आरोग्य-तपासण्यांच्या १५ अभ्यासांतल्या अडीच लाखांहून अधिक लोकांचा आढावा कॉक्रेन संस्थेने २०१९ मध्ये घेतला. अशा तपासण्यांनी एकूण मृत्यू कमी झाले नाहीत; मग ती निश्चिंती कशाच्या आधारावर? हे लोक मुख्यतः मध्यमवयीन होते, म्हणजे लाभ पदरात पडायला ज्यांच्यापुढे अधिक वर्षं होती असे.

आता उपचारांकडे; जास्तीचा सोस तिथेही आहे. ‘गॅस’साठी आपल्याकडे लिहिल्या जाणाऱ्या कित्येक कॅप्सूलमध्ये आम्लाच्या औषधासोबत लेव्होसल्पिराइड असतं. चक्कर येते म्हणून सिनारिझिन किंवा फ्लुनारिझिन महिनोन्महिने चालू राहतं. या तिन्ही औषधांनी म्हाताऱ्या माणसाच्या हाताला कंप सुटू शकतो, चाल मंदावते, चेहरा निर्विकार होतो. मग पार्किन्सन समजून त्याची गोळी सुरू होते, तिने रक्तदाब उतरतो, चक्कर वाढते, आणि एक दिवस बाथरूममध्ये पडून खुब्याचं हाड मोडतं. पहिली कॅप्सूल थांबवली असती तर बहुतेकांचा कंप काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरला असता. साखरेबाबतही तेच. मधुमेहींवरच्या ‘अकॉर्ड’ अभ्यासात एका गटाचं एचबीए१सी, म्हणजे सरासरी साखरेचा आकडा, ६च्या खाली आणायचा आक्रमक प्रयत्न झाला. त्या गटात २५७ मृत्यू, दुसऱ्यात २०३. म्हणून २००८ मध्ये ते आक्रमक उपचार मुदतीआधीच थांबवावे लागले. तरीही ऐंशीच्या आजोबांची साखर तिशीतल्या माणसासारखी दिसावी, असा हट्ट घरचेच धरतात.

हे सगळं कमिशनमुळे होतं, असं म्हणून सुटका होत नाही. कट प्रॅक्टिस खरी आहे. तिच्याविरुद्ध कायद्याचा मसुदा महाराष्ट्र सरकारने २०१७ मध्ये तयार केला होता. पण प्रामाणिक डॉक्टरांच्या हातूनही जास्तीच्या तपासण्या होतात. न लिहिलेली तपासणी उद्या अंगाशी येईल ही भीती असते. आणि काही लिहून न देणाऱ्या डॉक्टरला आपण ‘नीट बघत नाही’ म्हणतो.

आता अन्यायाचा मुद्दा. म्हाताऱ्यांवर उपचार कमी करा असं मी म्हणत असेन, तर माझा पक्ष तिथेच कोसळतो. ‘हायवेट’ अभ्यासात ऐंशीपुढच्या ३,८४५ लोकांपैकी ज्यांच्या रक्तदाबावर उपचार झाले, त्यांच्यातले मृत्यू २१ टक्क्यांनी घटले. तिथे वयाकडे बोट दाखवून औषध नाकारणं हा अपराध ठरेल. मोतीबिंदू, कमी ऐकू येणं, न बसणारी कवळी, उदासी, विसरभोळेपणा, आडवं असताना आणि उभं राहिल्यावर मोजलेला रक्तदाब, खुर्चीतून हात न टेकता उठता येतं का, हे पाहायला वेळ लागतो, महागडं यंत्र लागत नाही. आणि नेमकं हेच पॅकेजात नसतं. शिवाय ऐंशीव्या वर्षी रोज पर्वती चढणारा आणि सत्तरीतच अंथरुणाला खिळलेला, दोघांनाही ‘साठीपुढील’ म्हणून तीच यादी विकली जाते. माणूस न बघता फक्त वय बघणं हा अन्याय असेल, तर तो पॅकेजच करतं.

म्हणून तपासणी लिहून दिली की आईने, किंवा सोबत गेलेल्याने, तिथल्या तिथे विचारावं: रिपोर्ट वाईट आला तर आपण वेगळं काय करणार? ‘काहीच नाही’ असं उत्तर आलं, तर रक्त काढायला कारण उरत नाही. ‘बायॉप्सी’ किंवा ‘ऑपरेशन’ असं आलं, तर ते तिला हवं आहे का, हे सुई टोचण्याआधी विचारायचं, आणि तिलाच विचारायचं.