ओवीत रमलेला इंग्रज पाद्री
(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

चातुर्मास लागला की कृष्णाकाठच्या गावांतून, अगदी आपल्या आष्ट्यातही, देवळात नाही तर कुणाच्या सोप्यात पोथी लागते. कुठं ‘हरिविजय’, कुठं ‘पांडवप्रताप’, कुठं ‘भक्तिविजय’. एकजण ओवी वाचतो, दुसरा अर्थ सांगतो आणि बाकीचे ऐकतात. ऐकणाऱ्यांत ज्याला अक्षरओळख नाही असाही माणूस असतो, पण कथा त्याला तोंडपाठ असते. ओवीची ताकद ही अशी आहे. ही ताकद चारशे वर्षांपूर्वी ज्यानं ओळखली आणि जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं पुराण रचलं, अशा एका इंग्रज धर्मोपदेशकाची ही हकिगत आहे. त्याचं नाव थॉमस स्टीफन्स. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात तो फादर स्टीफन्स म्हणून ओळखला जातो.

त्याच्याकडे वळण्याआधी थोडं युरोपात डोकावू. मध्ययुगाच्या अखेरीस तिथं फिरत्या धर्मोपदेशकांची एक मोठी परंपरा होती. स्पेनकडचा व्हिन्सेंट फेरर (१३५०-१४१९) आणि इटलीतला सिएनाचा बर्नार्डिनो (१३८०-१४४४) ही त्यातली गाजलेली नावं. चर्चची भाषा लॅटिन, पण हे लोक गावच्या चौकात उभं राहून लोकांच्या बोलीत बोलत. सावकारी, भांडणतंटे, नटवेपणा यांवर कोरडे ओढत, मध्येच गोष्ट सांगत, हसवत आणि रडवतही. आपल्या कीर्तनकाराची आठवण व्हावी असाच हा प्रकार होता. १४२७ मध्ये बर्नार्डिनोची सिएनाच्या चौकातली प्रवचनं एका कापड कारागिरानं शब्दन् शब्द टिपून ठेवली, म्हणून ती आज वाचायला मिळतात. येशूच्या नावाची अक्षरं फळीवर रंगवून बर्नार्डिनो लोकांपुढे धरत असे. पुढे १५४० मध्ये जेझुइट संघ स्थापन झाला, त्यानं हीच अक्षरं आपली खूण म्हणून घेतली. लोकांच्या भाषेत लोकांपर्यंत जायचं, हा धडाही त्या संघानं उचलला. स्टीफन्स हा त्याच संघाचा माणूस.

त्याचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधल्या विल्टशर परगण्यात, एका व्यापाऱ्याच्या घरी झाला. तो काळ इंग्लंडमधल्या कॅथलिकांना फार कठीण होता. राणी एलिझाबेथचं राज्य प्रॉटेस्टंट होतं आणि जुन्या पंथाला चिकटून राहणाऱ्याला तुरुंग ठरलेला. टॉमस पाउंड नावाच्या मित्राबरोबर रोमला निघून जायचं त्यानं ठरवलं. मित्र पकडला गेला, स्टीफन्स निसटला. १५७५ मध्ये तो रोममध्ये जेझुइट संघात दाखल झाला. म्हणजे आपल्या श्रद्धेपायी स्वतःचा देश सोडावा लागलेला हा माणूस. हे लक्षात ठेवावं, कारण पुढे तो ज्या मुलखात पोचला तिथंही श्रद्धेपायी माणसं घरदार सोडत होती.

४ एप्रिल १५७९ रोजी तो लिस्बनहून निघाला आणि २४ ऑक्टोबरला गोव्याला उतरला. साडेसहा महिन्यांचा प्रवास. पोचल्यावर वडिलांना लिहिलेल्या पत्रात त्यानं समुद्र, वारे, पक्षी आणि खलाशांच्या आजाराचं वर्णन केलं आहे. हिरड्या सुजायच्या, पाय सुजायचे. जहाजावर दीडशेवर माणसं आजारी पडली आणि सत्तावीस दगावली, पण इतर वेळांच्या मानानं हा आकडा थोडाच, असं तो नोंदवतो. हे पत्र पुढे १५८९ मध्ये इंग्लंडमध्ये हॅक्लुट यांच्या प्रवाससंग्रहात छापलं गेलं. हिंदुस्थानात येऊन स्थायिक झालेला पहिला इंग्रज म्हणून ज्याची खात्रीलायक नोंद सापडते, तो हाच. ईस्ट इंडिया कंपनी स्थापन व्हायला तेव्हा अजून एकवीस वर्षं होती.

गोव्यात त्याला नेमणूक मिळाली ती साष्टी महालात, म्हणजे मडगाव-राचोलच्या परिसरात. उरलेलं जवळजवळ सगळं आयुष्य, चाळीस वर्षं, त्यानं तिथं काढलं. तेव्हाची साष्टी कशी होती? १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, बसलं होतं. १५६७ मध्ये साष्टीतली देवळं पाडली गेली. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आणि वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. आपल्याकडची मंडळी आज गोव्याला गेली की फोंड्याच्या बाजूला देवदर्शन करतात, त्याचं कारण हे आहे. फोंडा तेव्हा पोर्तुगीजांकडे नव्हता, तो विजापूरच्या आदिलशाहीत होता. आपला मिरजेकडचा मुलूखही त्याच आदिलशाहीत होता. देव नदीपलीकडे गेले, पण पोथ्या कुठं जाणार? मराठीतली पुराणं बाळगणं हा गुन्हा ठरला, पोथ्या जप्त झाल्या, जाळल्या गेल्या.

या जुलमाला उत्तरही मिळालं. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळी गावच्या लोकांनी पाच जेझुइटांना ठार केलं. त्यांतला रोदोल्फो आक्वाविवा हा नुकताच अकबराच्या दरबारातून परतला होता. स्टीफन्स तेव्हा साष्टीतच होता आणि सहकाऱ्यांचे मृतदेह ताब्यात घेण्याचं काम त्यानं केलं. पुढे पोर्तुगीजांनी कुंकळ्ळीच्या गावकारांना बोलणीसाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि तिथं त्यांना मारून टाकलं. दोन्ही बाजूंचं रक्त स्टीफन्सनं जवळून पाहिलं.

त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यानं आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात मात्र एक वेगळीच गोष्ट आहे. या देशातल्या भाषांची ठेवण ग्रीक आणि लॅटिनशी मिळतीजुळती आहे, असं तो लिहितो. हेच निरीक्षण विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यात मांडलं आणि भाषाशास्त्रात खळबळ उडवली, ती १७८६ मध्ये, म्हणजे दोनशे वर्षांनंतर. स्टीफन्सचा कान किती तयार होता, हे यावरून कळतं.

आता त्याच्या पुराणाकडे येऊ. ते का लिहिलं, याचा प्रसंग ग्रंथातच रंगवलेला आहे. पाद्री धर्मोपदेश करत असताना एक नवख्रिस्ती ब्राह्मण म्हणतो की, तुमचा उपदेश चांगला आहे, पण आमची जुनी पुराणं तर गेली, मग आमच्या लोकांनी वाचावं काय, ऐकावं काय? त्याच्या जागी काहीतरी द्या. या एका मागणीत केवढी मोठी हानी बोलून दाखवली आहे! आणि ती हानी पाद्री स्वतःच आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवतो.

उत्तरादाखल जे रचलं गेलं ते ‘ख्रिस्तपुराण’. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्यात विश्वाच्या उत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या आगमनाच्या भाकितांपर्यंतची कथा ३६ अवस्वरांत, म्हणजे अध्यायांत, आहे. दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र ५९ अवस्वरांत आहे. घाट पुरा पुराणाचा. आरंभी वंदन, गुरू सांगतो, श्रोता शंका विचारतो आणि पुन्हा कथा पुढे सरकते. स्वर्गासाठी तो वैकुंठ हा शब्द बिनदिक्कत वापरतो. भाषा मराठी, पण सामान्य माणसाला शुद्ध मराठी सगळी कळणार नाही म्हणून सोपी केलेली आणि कोकणी शब्द मिसळलेली. हे धोरण त्यानं प्रस्तावनेत स्वतः सांगितलं आहे. पहिल्याच अवस्वरात मराठीची थोरवी गाताना तो फुलं, पक्षी, रत्नं यांच्या उपमा ओततो. तो भाग शाळेच्या पुस्तकांमुळे पुष्कळांच्या ओळखीचा असेल. एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली ती १५८४ मध्ये. म्हणजे पैठणला ओवीची निगराणी चालू होती, त्याच वर्षांत साष्टीत एक परका माणूस तीच ओवी शिकत होता.

हे पुराण १६१६ मध्ये राचोलला छापलं गेलं, पण रोमन लिपीत. त्याची स्वतःची इच्छा निराळी होती. १६०८ मध्ये रोममधल्या वरिष्ठांना लिहिलेल्या पत्रात त्यानं इथल्या भाषेची पुस्तकं इथल्याच लिपीत छापावीत, अशी विनंती केली होती. अडचण खिळ्यांची होती. रोमन लिपीला चोवीस साचे पुरत, तर इथल्या जोडाक्षरी लिपीला सहाशेच्या आसपास लागणार होते. ते काम झालं नाही. देवनागरी खिळ्यांनी मराठीचं व्याकरण छापलं गेलं ते १८०५ मध्ये, बंगालात श्रीरामपूरला, विल्यम केरी यांच्या हातून.

स्टीफन्स १६१९ मध्ये वारला. त्याचं कोकणीचं व्याकरण त्याच्यामागं १६४० मध्ये छापलं गेलं. पुराणाच्या १६४९ आणि १६५४ मध्ये आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. पण वारा फिरला. १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारनं लोकांची बोलीच मोडून काढायचा हुकूम काढला. ज्या भाषेत चर्चमध्ये पुराण वाचलं जायचं, तीच भाषा संशयित ठरली. पहिल्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आजवर सापडलेली नाही. एका राजवटीनं आधी हिंदूंच्या पोथ्या नाहीशा केल्या आणि पुढे तिच्याच सावलीत तिच्याच पाद्र्याची पोथीही नाहीशी झाली.

ग्रंथ वाचला तो माणसांमुळे. गोव्यातून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती घराण्यांनी हातानं केलेल्या नकला जपल्या. त्यांवरून जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूरला रोमन लिपीत आवृत्ती काढली. पुढे लंडनमधल्या मार्सडेन संग्रहात देवनागरीतली एक हस्तलिखित प्रत जस्टिन अॅबट यांना आढळली. १९५६ मध्ये पुण्यात शांताराम बंडेलू यांनी देवनागरी आवृत्ती सिद्ध केली आणि १९९६ मध्ये कारिदाद द्राग यांची आवृत्ती मुंबईत निघाली.

या माणसाचं आता करायचं काय? त्याला नुसता मराठीचा भक्त म्हणून डोक्यावर घेतलं, तर पाडलेली देवळं आणि जळालेल्या पोथ्या विसरल्यासारखं होईल. नुसता परक्या सत्तेचा प्रचारक म्हणून झटकून टाकलं, तर अकरा हजार ओव्यांचं काय करायचं? धर्म वाढवणं हाच त्याचा हेतू होता, त्यानं तो कधी लपवला नाही. पण काम करता करता भाषेनंही त्याला आपलंसं केलं, हे त्याची ओवी सांगते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही एकत्रच सांगायला हव्यात.

त्याच्या मृत्यूनंतर बरोबर तीनशे वर्षांनी, १९१९ मध्ये, रेव्हरंड ना. वा. टिळक गेले. अखेरच्या वर्षांत साताऱ्यात राहून त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला होता. त्यांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं. टिळकांना कुणी पोथ्या जाळून ख्रिस्ताकडे आणलं नव्हतं. त्यांनी स्वतःच्या मनानं वाट निवडली आणि अभंग बरोबर नेला. स्टीफन्सच्या श्रोत्यांपैकी अनेकांना ही निवड मिळाली नव्हती. त्या दोघांमधलं हे अंतर ध्यानात ठेवून ‘ख्रिस्तपुराण’ वाचावं. मग त्यातला पाद्रीही दिसतो आणि आमची पुराणं गेली, आता ऐकावं काय, असं विचारणारा तो साष्टीचा माणूसही दिसतो.