शिसं गेलं आणि प्लग मुका झाला

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या जुन्या मिस्त्रींना हवा-पेट्रोलचं मिक्श्चर बघायला मीटर लागत नसे. फुल थ्रॉटलला गाडी ताणायची, तिथंच क्लच दाबून इग्निशन बंद करायचं आणि प्लग काढून उजेडात धरायचा. काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त. पांढराफटक असेल तर कमी, म्हणजे पिस्टनवर संकट. विटकरीकडे झुकणारा तपकिरी आला की कार्ब्युरेटरचा जेट बरोबर. मी याच विद्येवर वाढलो. ती कशानं मेली म्हटलं की लोक इलेक्ट्रॉनिक्सकडे बोट दाखवतात. मला ते पटत नाही. ती मेली शिसं गेल्यानं.

तो तपकिरी रंग बराचसा शिशाचाच असायचा. नॉकिंग होऊ नये म्हणून पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड घालत, ते जळून प्लगच्या पांढऱ्या पोर्सेलीनवर बसायचं. १९९५ च्या एप्रिलपासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला, त्यासाठी बिनशिशाचं पेट्रोल आलं. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर तेच. मग प्लगवर पूर्वीसारखा रंग चढेना. पोर्सेलीनच्या मुळाशी काजळीचं बारीक कडं दिसे, तेवढ्यावरच भागवायचं.

प्लगच्या जागी आता सायलेन्सरमध्ये बसून मिक्श्चर सांगतो तो ऑक्सिजन सेन्सर. याच शिशानं त्याचाही जीव घेतला असता. त्याच्या पोटातलं झिर्कोनिया जुनं आहे. वाल्टर नेर्न्स्ट यांनी १८९७ मध्ये विजेचा दिवा केला, त्यातली कांडी झिर्कोनियात यिट्रिया मिसळलेली होती. आधी तापवल्याशिवाय ती पेटत नसे, कारण तापल्यावरच तिच्यातून ऑक्सिजनचे आयन सरकतात. बॉशनं त्यावर लॅम्ब्डा सेन्सर बेतला आणि १९७६ मध्ये कॅलिफोर्नियासाठीच्या व्होल्वोत तो बसला. व्होल्वोनं तर पुढच्या जाळीवर ‘लॅम्ब्डा सोंड’ अशी पट्टीच लावली. पण हा सेन्सर हो-नाही एवढंच सांगे: ०.४५ व्होल्टच्या वर गेला तर रिच, म्हणजे पेट्रोल जास्त; खाली आला तर लीन, म्हणजे कमी. किती रिच, ते विचारायची सोय नाही. १९९२ च्या होंडा सिव्हिक व्हीएक्समध्ये पाच तारांचा सेन्सर आला, नंतर बॉशचे एलएसयू सेन्सर आले, तेव्हा कुठे ट्यूनरच्या हाती आकडा पडला.

असा आकडा देणाऱ्या सेन्सरला वाइडबँड म्हणतात. त्यात झिर्कोनियाचे दोन थर आणि मध्ये इवलीशी पोकळी असते. पोकळीतला ऑक्सिजन ठरलेल्या पातळीवर राहावा म्हणून कंट्रोलर करंट देऊन तो आत-बाहेर ओढतो. तो करंट हेच माप. मिक्श्चर अचूक असेल तेव्हा करंट शून्य.

जुन्या एलएसयू ४.२ च्या कनेक्टरमध्ये एक रेझिस्टर असतो, कारखान्यात त्याच सेन्सरपुरता लेसरनं जुळवलेला. तार लांब करायला कनेक्टर छाटून टाकणारे पाहिले की माझं डोकं फिरतं. त्याहून मोठा घोटाळा फ्री-एअर कॅलिब्रेशनला होतो. सेन्सर सायलेन्सरमधून काढायचा, मोकळ्या हवेत टांगायचा, ७५० अंशांपर्यंत तापू द्यायचा. मग कंट्रोलर समोरची हवा २०.९ टक्के ऑक्सिजनची धरून स्वतःला जुळवून घेतो. पण शेजारी पार्ट धुवायचा पेट्रोलचा ट्रे असेल तर? वाफ तापलेल्या सेन्सरवरच जळते, ऑक्सिजन खाते, आणि कंट्रोलर त्या कमी ऑक्सिजनलाच २०.९ समजतो. मधला शून्याचा बिंदू हलत नाही, दोन्ही टोकं मात्र ताणली जातात. लॅम्ब्डा म्हणजे अचूक मिक्श्चरच्या मानानं हवा किती पट; तो एकच्या आसपास असताना सगळं झकास दिसतं. फुल थ्रॉटलला गेज खऱ्याहून रिच दाखवतो, ट्यूनिंग करणारं पोरगं पेट्रोल आणखी कापतं, आणि पिस्टनला भोक पडतं. शिशाच्या काळात प्लग बघणाऱ्या मिस्त्रीला निदान पांढरा रंग तरी दिसला असता.

आता पंपावर ई-२० आलंय. गेजवरचा १४.७ हा एएफआर, म्हणजे हवा-पेट्रोलचं अचूक प्रमाण, बिनइथेनॉलच्या पेट्रोलचा आकडा. ई-२० ला खरं प्रमाण साडेतेराच्या आसपास येतं, तरी गेज बापडा लॅम्ब्डाला १४.७ नं गुणून दाखवत बसतो. त्यावरून पोरं माझ्याकडे हुज्जत घालायला येतात. मी गेज लॅम्ब्डावर टाकून देतो आणि सांगतो, फुल थ्रॉटलला ०.८७ च्या आसपास ठेव, एएफआर विसर.